लांब बोल्ट आणि मामंजींचा पाना

मला एका जागी बसवत नाही. माहेरी म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण त्या दिवाळीआधी मी जी उठबस केली तशी पुन्हा कधी केली नाही, आणि तीही चार बोल्टांपायी.

चाकणजवळच्या आमच्या गावात मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पिठाची गिरणी होती. हे पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फिटर होते. सुटीच्या दिवशी तेवढे यष्टीने घरी यायचे. लग्न होऊनही आमचा संसार आठवड्यातून एका दिवसाचाच होता. आता पिंपरीत पत्र्याची एक खोली ठरली होती आणि दिवाळी झाली की मी तिथे जाणार होते. चूल कुठे मांडायची इथपर्यंत माझं ठरलं होतं.

आडवी आली गिरणी. जातं फिरवणारा शाफ्ट ज्या बेअरिंगवर टेकलेला होता, त्याचे बोल्ट सारखे सैल व्हायचे. मग शाफ्ट थरथरायचा, पट्टा सुटायचा, आणि बायका बाजरीची पाटी तशीच डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावच्या गिरणीकडे चालू लागायच्या. मामंजींनी सांगून टाकलं, "आसंच चाललं तर पोरानं कंपनी सोडावी आन् हितं बसावं. मला एकट्याला न्हाई रेटत आता."

म्हणजे पिंपरीची खोली गेलीच.

मामंजींची एक रीत होती. रोज सकाळी गिरणीच्या इंजिनाला हळदकुंकू वाहायचं, उदबत्ती ओवाळायची आणि मग पाना घेऊन प्रत्येक बोल्टाला एक हिसका द्यायचा. सैल असो, नसो. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसा. एकदा हिसका देताना बोल्टाचं डोकंच तुटून हातात आलं. "लोखंडच खोटं हाय," म्हणाले, आणि भोक मोठं करून आणखी जाड बोल्ट घातला. तोही सैल झालाच.

पुढच्या सुटीला ह्यांनी पिशवीतून वीतभर लांबीचे चार बोल्ट काढले, आणि लोखंडी नळीचे चार तुकडे. मामंजी हसले. "माजं जाड बोल्ट टिकंनात, आन् ह्या काड्या टिकत्यात व्हय?"

"आबा, बोल्ट आवळला की केसभर ताणतो," हे म्हणाले. "मग तो आखडाया बगतो. त्या ओढीनंच बेअरिंग दाबून ऱ्हातं. आखूड बोल्टाचा ताण इवलासा. खालचा रंग, नटाखालचं वायसर जरा चेपलं की तो संपला. लांब बोल्ट जास्त ताणतो. त्यातला थोडा गेला तरी बाकीचा पुरतो."

बोल्ट लांब पडू नयेत म्हणून नटाखाली नळ्या घातल्या. गिरणी चालवून पाहिली, बंद केली, पुन्हा एकदा नीट आवळलं. "आता हात लावायचा न्हाई," हे म्हणाले. "उगा जास्त पिळलं तर बोल्ट ताणलेलाच ऱ्हातो, ओढच मरती. मग तुटतो."

मामंजींनी अट घातली. "ह्या बाजारापासनं पुढल्या बाजारापत्तूर गिरणी थांबली न्हाई, तर खुशाल जावा पिंपरीला." संध्याकाळच्या गाडीने हे निघून गेले, आणि मी आणि मामंजी त्या बोल्टांपाशी उरलो.

भाकरी थापता थापता मी थांबायची आणि इंजिनाचा ठोका ऐकायची. ठीक आहे असं वाटलं तरी उठून बघून यायची. भाकऱ्या करपायच्या. मामंजींची तऱ्हा तीच. ओट्यावर बसायचे, उठायचे, बोल्टांपाशी जाऊन हात मागे बांधून उभे राहायचे, परत फिरायचे. माणूस इतका कासावीस होताना बघून मला दया यायची, आणि रागही यायचा.

पुढल्या बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी उदबत्ती ओवाळून झाली आणि त्यांचा हात पान्याकडे गेलाच. पाना नटावर चढला.

"हात लावू नका!" मी पिठाच्या हातांनी धावत ओरडले.

सासऱ्यावर ओरडणारी सून गावाने तोवर पाहिली नव्हती. दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून बघू लागल्या. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरायचंही मला सुचलं नाही. माझा अख्खा संसार त्या नटावर होता, मी तरी काय करणार! मामंजींनी पाना काढला, भिंतीवर टांगला आणि ओट्यावर जाऊन बसले.

बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गाड्यांबरोबर आलेली माणसंही दळण टाकून गेली. पट्टा जागचा हलला नाही. त्या रात्री मी पिंपरीला न्यायची भांडी वेगळी काढली.

दिवाळी झाली, हे मला न्यायला आले. निघताना मामंजी गिरणीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि माझ्या पिशवीत ठेवलं. वजनावरूनच कळलं.

"मामंजी, पाना? आणि बोल्ट सैल झाले तर?"

"हितं ऱ्हायला तर माजा हात थांबायचा न्हाई, पोरी. आन् झालंच सैल, तर तुमी या की घिऊन."

पिंपरीच्या खोलीत चुलीशेजारी खिळा ठोकून मी तो पाना टांगला. दर सुटीला हे म्हणायचे, बोल्ट घट्टच असणार, कशाला ओझं? तरी मी तो पिशवीत घालून गावाकडच्या यष्टीला जाऊन उभी राहायची.