भूपालअण्णांचा डबा

निपाणीजवळच्या आमच्या गावचे भूपालअण्णा चौगुले यांनी तीस वर्षं हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलं. देशाची घटना लिहिताना सुरुवात देवाच्या नावानं करायची का, यावर मतदान झालं आणि देव पडला, हे ते इतक्या खुशीत सांगायचे की मतमोजणीला हेच बसले होते असं आम्हा पोरांना वाटायचं. आणि हाच माणूस रोज पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायचा, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही!

निवृत्तीनंतर लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीचं अध्यक्ष केलं. मी तिथला कारकून, म्हणजे माझी सुटका नाहीच.

पहिल्याच सभेत साडेपाचला मारुतीच्या देवळात घंटा वाजली. सदस्य रवळू पाटील झांज घेऊन उठला. आरतीसाठी सभा थांबवायची हा आमच्याकडचा जुना रिवाज.

"खाली बस रं," अण्णा म्हणाले. "देव घरात, न्हाय तर देवळात. हितं सरकार बसलंय. कुणाच्याबी धर्मासाठी सभा थांबायची न्हाय."

"आमचा देव नडतोय व्हय तुमास्नी?"

"माझाबी चालायचा न्हाय हितं."

रवळूनं ते वाक्य बरोबर ध्यानात ठेवलं.

डिसेंबरची सभा लांबली. अण्णांच्या बायकोनं, प्रेमलाआक्कांनी, धाडलेला डबा टेबलावर होता. सहाला दिवस मावळणार, आणि पावणेसहाला रवळू गटारावर बोलायला उभा राहिला. गटार कुठून निघतं, ते कुणाच्या आज्यानं खणलं, त्यात कुणाची म्हैस कितीदा पडली, काही म्हणजे काही सोडलं नाही त्यानं. त्याआधी साडेपाचला आरतीची घंटा वाजली तेव्हाही पठ्ठ्या जागचा हलला नव्हता.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढायला लागलं. अण्णांची नजर एकदा डब्याकडे, एकदा खिडकीकडे.

"अण्णा, जेवायला सुट्टी मागा की," रवळू गोड आवाजात म्हणाला. "आमी देतो."

"मागणार न्हाय. गटाराचं बोल."

मला अण्णांचा भयंकर राग आला. दोन घास खायला काय घटना बुडत होती? आणि रवळूचा तर त्याहून आला. सूर्य गेला तसा रवळूचा आवाज बारीक झाला. म्हैस चौथ्यांदा गटारात पडता पडता तो मधेच खाली बसला. अण्णांनी शांतपणे ठराव वाचला, सही केली आणि भरलेला डबा उचलून घरी गेले.

पुढच्या महिन्यात पुन्हा गटारच शेवटी आलं. घड्याळात पावणेसहा. सगळे रवळूकडे बघत होते.

"मला कायबी बोलायचं न्हाय," रवळू म्हणाला.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या धर्मासाठी गप बसत असशील तर चालायचं न्हाय. गटार तुझ्या गल्लीतलं हाय. बोल."

"तुमच्या धर्माचं मला काय करायचंय?" रवळू उखडला. "गेल्या महिन्यात माणूस माझ्यापायी उपाशी झोपलं. घरात जेवायला बसलो तर घास गिळंना मला."

अण्णांनी टेबलावरचे कागद उगाच दोनदा जुळवले.

"सभा संपली," ते म्हणाले. मग डबा उघडून अर्धी भाकरी मोडली आणि रवळूपुढं धरली. "खा लवकर. दहा मिनिटं हाईत."