नववं पोवळं

अकोटच्या बाजारात देवमन पटव्याचं दुकान म्हणजे एक चटई, एक माठ आणि पायाच्या अंगठ्याला ताणलेला रेशमी दोरा. बायका पोत गाठवून घ्यायला येत आणि काम होईस्तोवर डोळे लावून समोर बसत. खरा मणी काढून खोटा कधी ओवेल नेम नाही; पटव्यावर भरवसा ठेवणार तरी कोण! देवमनला त्याचा राग नव्हता. आजोबांकडून ऐकलेलं तो हौसेने सांगत राही : पोवळं इथलं नव्हेच, ते फिरंग्यांच्या समुद्रातलं. गलबतानं सुरतेला, तिथून बैलांच्या पाठीवर बऱ्हाणपूर, मग वऱ्हाड. "तिकडच्या राण्याइनं घातलं, मंग आपल्या बायाइले भुरळ पडली," म्हणून हसायचा.

एकावन्न साली नवरा अमरावतीच्या दवाखान्यात पडला, तेव्हा गोदाबाईने सासूच्या पोतीतली नऊ पोवळी देवमनला विकली. "त्याइच्या जागी काचेचे मणी घाला भाऊ. घरात समजलं नाई पायजे." पोत पुढे केली, तरी तिचे हात ती सोडत नव्हते. नवरा वाचला, पण ते हात काही देवमनला विसरता आले नाहीत. पोवळी त्याने विकली नाहीत. परत द्यावीत, तर बाई भारी मानी. फुकटचं देणं म्हणजे तिला शिवीच. म्हणून दर संक्रांतीला ती दोरा बदलायला आली, की तो म्हणायचा, "गोदाबाई, माठातलं पाणी देता काय?" तिची पाठ वळली, की एक काच बाहेर, एक पोवळं आत. चोरी करावी तर अशी उलटी!

आठ वर्षांत आठ पोवळी पोतीत परत गेली आणि देवमनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. साठच्या संक्रांतीला गोदाबाई आली ती आनंदातच.

"माह्या शकुनचं लगन हाय. पोत तिच्या गळ्यात घालाची."

पोरीच्या गळ्यात एक मणी खोटा जायचा, तोही आपल्या हातचा. देवमनने घाईने पोत उसवली, कनवटीला खोचलेली नवव्या पोवळ्याची पुडी सोडली आणि पाणी मागायचंच विसरला. पोवळं हातातून निसटून चटईवर घरंगळलं. म्हातारा दोन्ही हातांनी चाचपडू लागला.

गोदाबाईने ते उचललं, त्याच्या तळहातावर ठेवलं, सुईत दोरा ओवून दिला आणि उठली.

"पाणी आणतो," ती म्हणाली. "तुमी मांगाचं विसरले."

माठ काठोकाठ भरलेला होता. तरी ती त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ तिथे उभी राहिली.