हाताला काय येतं?

खिडकीशी आलेल्या माणसाला भाऊसाहेबांचा पहिला प्रश्न हा. नाव नाही, गाव नाही, शिक्षण नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, फॉर्म बाजूला ढकलायचा आणि विचारायचं, "हाताला काय येतं?" बिचारी माणसं गोंधळून दोन्ही तळहात पुढे करायची, समोर ज्योतिषी बसल्यासारखी. मग भाऊसाहेब म्हणायचे, "सांगा निवांत. सरकारला कधी घाई असते का?"

नोकरीसाठी नाव नोंदवायचं आमचं ते नाशिकमधलं कार्यालय. तुमच्यातलेही कितीतरी जण अशा रांगेत उभे राहिले असतील, कार्ड काढून 'कॉल'ची वाट बघत बसले असतील. सत्तरच्या दशकात मी तिथे कारकून म्हणून लागले. भाऊसाहेब शेजारच्या टेबलावर, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. कार्डावर शिक्षण आणि अनुभव असे दोनच रकाने असत. ह्यांनी कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिसरा आपल्याच मनाने सुरू केला, आणि मलाही तो भरायला लावला. कोणी विणकाम सांगे, कोणी विहिरीचं बांधकाम. माणूस जे जे सांगेल ते ते लिहायचं. मला भारी राग यायचा. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली आणि हे एकाशी अर्धा तास बोलताहेत! हे वाचणार कोण, असं मी एकदा फणकाऱ्याने विचारलं. "आपण लिहून तर ठेवू, बाई," एवढंच म्हणाले.

ऐंशीच्या सुमारास सातपूर-अंबडकडे कारखाने वाढत होते. त्यातल्या एका कारखान्याचे साहेब आमच्याकडे आले. त्यांना सहा वाइंडर हवे होते, म्हणजे विजेच्या मोटरीत तांब्याची तार गुंडाळणारे कारागीर. हवे होते म्हणजे, आमच्याकडून नकोच होते. तुमच्या जिल्ह्यात कांदे आणि द्राक्षं, वाइंडर कुठून असणार, असं ते हसत म्हणाले. माणसं मुंबईहून आणायची ठरलीच होती. आम्ही फक्त 'उपलब्ध नाहीत' असा दाखला द्यायचा.

भाऊसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली. साहेब उठता उठता म्हणाले, "सहा म्हणजे सहा. पाच आणलेत तर दाखला द्या, आणि पुन्हा मी तुम्हाला त्रास देणार नाही."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. एकदा असा दाखला गेला की बाकीचे कारखानेही तोच मागणार. मग इथल्या पोरांनी नावं नोंदवायची कशाला आणि आम्ही लिहायची कशाला?

तीन दिवस आम्ही कार्डांचे खण उपसले. धुळीने मला शिंकांवर शिंका. शनिवारी दुपारपर्यंत पाच माणसं सापडली. सहावा काही सापडेना. तेवढ्यात भाऊसाहेबांनी एक कार्ड माझ्यापुढे धरलं. अक्षर माझं होतं. गाव नामपूर. अनुभव, 'ट्रक भरणे, हमाली'. मागे लिहिलं होतं, 'पाना-पक्कड स्वतःची'.

"बाई," ते म्हणाले, "ट्रक भरायला पक्कड कशाला लागते?"

आणि मला तो माणूस आठवला. हडकुळा, लाजरा, अहिराणी बोलणारा. हाताला काय येतं विचारल्यावर म्हणाला होता, "मोटर भरस मी." नामपूर म्हणजे कांद्याचा बाजार, तेव्हा मोटर भरतो म्हणजे ट्रकमध्ये गोण्या भरत असणार, असं मी गृहीत धरलं. जाताना तो अभिमानाने म्हणाला होता, "पक्कड मन्हीच शे," तेही मुकाट लिहिलं. मी शहरात वाढलेली. माझी मोटर रस्त्यावर धावायची. त्याची विहिरीवर बसवलेली असायची, आणि ती जळाली की तिच्यात नवी तार बसवणं म्हणजे मोटर भरणं. दीड वर्ष तो माणूस माझ्या एका शब्दापायी हमाल होऊन खणात पडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊसाहेब रागावतील असं वाटलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पत्र सोमवारच्या आत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून छत्री आणि डबा घेऊन स्वतःच एसटी स्टँडवर गेले.

सोमवारी कारखान्याच्या दारात सहा माणसं उभी होती. पुढचं भाऊसाहेबांनीच सांगितलं. चाचणीसाठी प्रत्येकाला एक जळालेली मोटर दिली, पण नामपूरकराला उंच टेबलावर काही सुधरेना. त्याने जमिनीवर बसू द्या अशी विनंती केली, मोटर दोन पायांत धरली आणि सगळ्यांच्या आधी काम उरकलं. मंगळवारी साहेब परत आले, या खेपेला खुर्ची ओढून बसले. फिटर हवे होते. "ते मागे काय लिहिता, ते बघू का जरा?" म्हणाले. हळूहळू इतर कारखाने विचारू लागले. आयटीआयचे मास्तरही कार्डं चाळायला यायला लागले. भाऊसाहेबांनी त्या मंगळवारी सगळ्यांना भजी खाऊ घातली आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारत खिडकीशी बसले.

ते निवृत्त झाले त्या दुपारी भाषणं चालू असताना जिन्यावर धापा ऐकू आल्या. नामपूरकर पहिली पाळी संपवून, निळ्या गणवेशात, कांद्याची गोणी पाठीवर घेऊन वर आला होता. गोणी भाऊसाहेबांपुढे ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाईनी लिहेल व्हतं ना, हमाल," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, आणि पदराने डोळे पुसले. कांद्यामुळे, असं म्हटलं.

पुढच्या सोमवारी शेजारची खुर्ची रिकामी होती. रांग नेहमीसारखीच जिन्यापर्यंत. पेठ तालुक्यातली एक मुलगी खिडकीशी आली. मी कार्ड उलटं केलं आणि विचारलं. तिने तळहात पुढे केले, मग लाजून मागे घेतले.

"मला भरता येतं," ती म्हणाली.

पेन कागदाला टेकलं होतं. ते मी उचलून बाजूला ठेवलं.

"काय भरतेस?" मी म्हणाले. "सांग निवांत. सरकारला कधी घाई असते का?"