अक्कांनी घेतलेला नारळ

मंडळी, आत्ताच धुळ्याहून गावी परतलोय, पण एका जागी बसवत नाहीये.

आमच्या संस्थेच्या सुईण अक्कांना ट्रेनिंगला घेऊन गेलो होतो. वाटेत भजी खायला उतरलो नि एसटी चुकली, ते सोडा. ट्रेनिंग झालं तरच औषधांचं अनुदान.

महिनाभर मुक्काम आहे, हे तिथे कळलं. अक्का उठल्याच. "सुनंदाना नारळ लिधा शे मी."

गावातल्या सुनंदाचे दिवस भरत आलेत, नि आमच्याकडे गरोदर बाईच्या घरचा नारळ घेतला, की बाळ होईपर्यंत सुईण गावाबाहेर झोपत नाही.

ट्रेनिंगचे साहेब म्हणाले, "मग अनुदान विसरा."

"अक्कांच्या जागी मी राहतो," मी म्हणालो.

अक्का हसल्या. "तू बाळंतपण करशी? पयले एसटी पकडाले शिक."

परतलो तेव्हा सुनंदा दारातच उभी होती. अक्का दिसल्या, तेव्हा कुठे ती खाली बसली.

सांगा, ट्रेनिंगवाल्यांनीच इथे यायला काय हरकत आहे?