राहीची किडनी

“दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात,” असं मला हिंदीत समजावून डॉक्टर लगेच माझ्या शेजारच्या खुर्चीकडे वळले. “आप वही हैं ना, टेनिसवाली?”

शेजारी राही होती, माझी धाकटी बहीण. ती हो म्हणाली आणि छान लाजली. डॉक्टरांची मुलगी टेनिस शिकते म्हणे. मी रिपोर्ट हातात धरून तशीच बसले. आजार माझा, केसपेपर माझा, आणि तिथेही कौतुक हिचंच! तुम्ही म्हणाल, जिवावर बेतलंय आणि ही बाई काय घेऊन बसलीय. पण जे वाटलं तेच सांगते.

सुरुवात साधीच होती. सकाळी डोळे सुजायचे, लघवीला फेस यायचा. संध्याकाळी नोएडाच्या ऑफिसातून घरी पोचेपर्यंत सँडलचे पट्टे पायात रुतायचे. मी म्हटलं, दिल्लीचा उन्हाळा, दुसरं काय. शेवटी क्रिएटिनिन तपासलं तर ते भलतंच वाढलेलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो गाळून टाकते. ती थकली की तो साचत जातो. रक्ताची साधी तपासणी आहे. तुमचेही पाय असे सुजत असतील तर करून घ्या, माझ्यासारखं उन्हाळ्यावर ढकलू नका.

मग डायलिसिस सुरू झालं. म्हणजे रक्त नळीतून बाहेर काढायचं, मशीनमध्ये धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. तासन् तास पडून राहावं लागतं. समोर टीव्ही असतो. एकदा त्यावर टेनिस लागलं. “सिस्टर, कुछ और लगाइए,” मी म्हटलं. सिस्टरने चॅनेल बदललं.

हा हेवा काही आजचा नाही. राही हातात रॅकेट धरायला लागली तेव्हापासून आई तिची झाली. चंदीगड, चेन्नई, पुढे परदेशी स्पर्धा. राही जिथे, तिथे आई. राहीच्या रॅकेटच्या तारा किती ताणायच्या हे आईला पाठ होतं, आणि मी कुठल्या तुकडीत आहे हे तिला मला विचारावं लागायचं. माझ्या दहावीच्या परीक्षेत मी आणि बाबा सरकारी क्वार्टरमध्ये वरण-भातावर राहिलो. राही पुढे देशाकडून दुहेरी खेळली. आता ती खेळत नाही, एका क्लबात मुलांना शिकवते. तरी लोक तिला ओळखतातच.

डॉक्टर म्हणाले, ट्रान्सप्लांट करा. म्हणजे दुसऱ्या कुणाची किडनी बसवायची. “मी देते ना,” राही पटकन म्हणाली. रक्तगटही जुळला. झालं! क्लबच्या ग्रुपवर तिचा फोटो, खाली ‘रिअल चॅम्पियन’. आत्याचा फोन आला, “नशीबवान आहेस हो, अशी बहीण मिळाली!” माझा नुसता जळफळाट झाला. जगायचं तर होतंच मला, घरी नवरा आहे, लेक आहे. पण आता जन्मभर हिला पोटात घेऊन फिरायचं आणि वर थँक्यू म्हणत राहायचं!

मग तिचा डीटीपीए स्कॅन झाला. एकेक किडनी किती काम करते ते यात कळतं. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. त्यांनी तिला विचारलं, “पेनकिलर कितने साल ली?”

“जब तक खेली,” राही म्हणाली. “मॅच से पहले, मॅच के बाद. नहीं तो घुटना चलता ही नहीं था.”

“गोलियों का असर किडनी पर हुआ है. आपकी किडनी हम नहीं ले सकते. वो अब आपको ही चाहिए.”

जिच्यावर मी इतकी वर्षं जळत होते ती कारकीर्द या बयेने गोळ्या गिळून काढली होती. आणि कुणाला पत्ता नाही. दर मॅचला बाकावर बसणाऱ्या आईलाही नाही.

पार्किंगमध्ये राही हमसून हमसून रडली. “सॉरी यार ताई. तुझ्यासाठी एवढी एकच गोष्ट करणार होते.” मीही तिला जवळ घ्यायला वळले. पण गाडीपाशी थांबलेली आई धावली ती तिच्याकडेच. पेशंट मी, आणि आई पाठ चोळतेय हिची! तेवढ्यात आईने डोळे पुसले आणि माझा दंड धरला. “चल आत. माझी तपासायला सांग.”

“आई, या वयात?”

“चल म्हटलं ना.”

आईच्या सगळ्या तपासण्या चोख निघाल्या. साखर नाही, बीपी नाही. “इस उमर में ऐसी किडनी!” डॉक्टर खूश. आईची डावी किडनी मला बसली आणि ऑपरेशनच्या टेबलावरच काम करायला लागली. मला वाचवणाऱ्या सगळ्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार फिटणार नाहीत. आईला तर थँक्यू म्हणायलाही तोंड उघडत नाही, रडूच येतं.

जंतुसंसर्ग नको म्हणून मला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. एका सकाळी राही काचेबाहेर येऊन उभी राहिली, मास्क लावून. तिने फोन लावला.

“आई चालायला लागली,” ती म्हणाली. “मी खोलीत गेल्या गेल्या तुझंच विचारते. लघवी किती झाली, जेवली का. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.” मग ती काचेला टेकली. “आता तर ती कायमची तुझ्यातच राहणार. खरं सांगू ताई? जाम जळतेय मी तुझ्यावर.”

मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

“काय म्हणालीस?” मी फोन कानाशी घट्ट धरला. “परत सांग बरं.”