माटोळीतली कवंडळं

पोपट मला कधीच आवडले नाहीत. बोलतात म्हणून तर मुळीच नाहीत; घरात बोलणारं एक माणूस असलं की पुरतं. तरी पार्से गावातल्या, टाकून दिलेल्या पक्ष्यांच्या शेडमधला राखाडी आफ्रिकन पोपट मी दत्तक घेतला, कारण तो कोणालाच नको होता. मालक बायकापोरांसह लंडनला गेले. जाताना पलंग विकले, मेज विकलं, आणि हा विकला गेला नाही म्हणून इथे आणून ठेवला. त्यानं छातीवरची सगळी पिसं स्वतःच उपटून काढली होती. बघायला येणारे लोक रंगीत पक्ष्यांचे फोटो काढत आणि याच्या पुढ्यातून नाक मुरडून निघून जात. मला त्यांचा राग आला. त्या रागातच मी पालक झाले म्हणा.

पालक हा तिथलाच शब्द. एका पक्ष्याचा खुराक आणि औषधपाणी आपण उचलायचं; पिंजऱ्यावर आपल्या नावाची पाटी लागते आणि रविवारी भेटायला जाता येतं. शेड चालवणारे सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट राबणारे. मुख्य भार तिशीतल्या एका मुलीवर. ती कारखान्यात रात्रपाळी करायची आणि दिवसा इथे पिंजरे खरवडायची. तिचा नियम एकच होता: घरून आणलेलं काहीही आधी तिला दाखवायचं, मगच पक्ष्याला.

दोन वर्षं मी मये ते पार्से स्कूटर हाणली. मला ओळखायला त्यानं वर्ष घेतलं. पाववाल्या पोदेराचा भोंगा तो हुबेहूब काढायचा. एका रविवारी माझी स्कूटर फाटकाशी थांबली आणि त्यानं आतून भोंगा वाजवला, तेव्हा मी शेडच्या मागे जाऊन रडून घेतलं. मी आले म्हणून आजवर कोणी काही वाजवलं नव्हतं.

मग चवथ आली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, म्हणजे लाकडी चौकटीला रानातली फळं, शेंगा, फुलं टांगतात. नवऱ्याला तिचा भारी सोस. आदल्या दिवशी ते रानात शिरतात ते अंगभर ओरखडे घेऊनच परततात. पाचव्या दिवशी विसर्जन झालं की माटोळी उतरते. त्यातलं खायचं काय आणि टाकायचं काय, हे तेच निवडतात. मला त्यातलं काही कळत नाही असं त्यांचं ठाम मत. त्या वर्षी विसर्जनाला त्यांचा पाय घसरला, कंबर धरली आणि ते आडवे झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, निवडायला मीच बसले.

कवंडळं लिंबाएवढी, लालभडक. माटोळीची अर्धी शोभा त्यांचीच. ती खायची नसतात हे मलाही ठाऊक होतं. पण माणसांनी खायची नसतात, असा मी अर्थ लावला. रानात ती पिकतात ती कोणासाठी? पाखरंच खात असणार. शिवाय पाच दिवस देवाच्या डोक्यावर होती, देवाचं कोणाला बाधतं? आणि त्या बोडक्या जिवाला एकदा तरी चवथ मिळावी, असं मला फार वाटत होतं.

मी शेडवर पोचले तेव्हा ती मुलगी खुर्चीतच झोपली होती. रात्रपाळी करून आलेली. तिला उठवायचं जिवावर आलं. मी कवंडळ चिरून एक फोड त्याला दिली. त्यानं ती पायात धरली, चाखली आणि टाकली. दुसरी दिली, तीही टाकली. तेव्हा मी गर काढला, पिकलेल्या पेरूत कालवला आणि माझ्या बोटानं भरवला. माझ्या हातचं म्हणून त्यानं खाल्लं.

सोमवारी सकाळी तिचा फोन आला. "ताई, तो तळाक बसलो हा. सारको ओकता. काल तेका कोणी काय खावक घातलां काय?"

"ना गो बाय," मी म्हटलं. "पेरां तेवडी. सदचीच."

हे मी इतक्या सहज म्हटलं की मलाच खरं वाटलं. नियम मोडला म्हणून पाटी काढतील, रविवार बंद होतील, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. माझी लाज वाचवताना त्याचा जीव पणाला लावते आहे, हे डोक्यात शिरलंच नाही. की शिरलं आणि मी बाहेर ढकललं? अजून सांगता येत नाही.

दुपारी पुन्हा फोन. म्हापशाचे डॉक्टर येऊन गेले होते. पेरूनं असं होणार नाही, संसर्ग दिसतो, असं म्हणून त्यांनी इंजेक्शन दिलं होतं. मी फोन ठेवते तोच नवऱ्यानं अंथरुणातून विचारलं, "गो, कवंडळां खंय टाकलंस? ढोरां खातीत हां. वीख तां."

विष! मी तशीच उठले. स्कूटर काढली. कोलवाळच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या आणि मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं देवाला शिव्या देत होते. तुझ्याच डोक्यावरचं होतं ना रे.

शेडमध्ये तो टॉवेलमध्ये गुंडाळलेला, तिच्या मांडीवर. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. भरवल्याचंही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांना फोन लावला आणि ऐकत राहिली. सकाळीच कळलं असतं तर पोटातलं धुऊन काढता आलं असतं, आता ते अंगात भिनलं, असं ते म्हणाले. हे तिनं मला शांतपणे सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला. चारच्या सुमारास तो गेला. जाताना त्याची चोच माझ्या बोटावर होती, आणि ते कालचंच बोट होतं.

ती पिंजरा धुवायला घेऊन गेली. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. एक जोडपं पांढरा काकाकुवा घेऊन आलं होतं. त्यांचं यायचं आठवड्यापूर्वीच ठरलेलं. फ्लॅट लहान, बाळ झालेलं, पक्षी दिवसभर किंचाळतो. मुलगी मागे होती, म्हणून मीच पुढे झाले. बाई भली दिसत होती; इथे पक्ष्यांना नीट सांभाळतात ना, ही काळजी तिच्या तोंडावर होती. पिंजऱ्याच्या कडीवरचा हात न सोडता तिनं मला विचारलं, "हांगा बरे पळयतात मूं तांकां?"

"आज माझ्या हातान एक मेलो," मी म्हटलं. "वायट फळ घातलंय तेका. विचारल्यार खोटां सांगलंय."

हे ऐकून ती पिंजरा उचलून परत नेईल, असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी सांगितलं होतं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं घड्याळाकडे. मग तिनं हळूच कडी सोडली, गाडीतून दाण्यांची पिशवी आणून पिंजऱ्याशेजारी ठेवली आणि मान खाली घालून गाडीत बसली.