मार्जिनमधला म्हसोबा

आमच्या पांडेसऱ्यातल्या गल्लीतला जागृत म्हसोबा मी रिक्षातून आणला. म्हणजे दगड मी आणला, जागृत तो स्वतः झाला. बारा वर्षं गप्प बसलो. आता पंचाहत्तरीत खरं सांगून टाकतो.

मुलाच्या लग्नाआधी मी घरामागे खोली काढली. घर आणि कुंपण यांच्यामध्ये जी जागा मोकळी सोडायची, तिला इथे गुजरातेत मार्जिन म्हणतात. पालिकेची गुजराती नोटीस आली. त्यातले मला दोनच शब्द लागले, मार्जिन आणि तोडा. (बाकी तीन पानं होती, ती कोण वाचतो?) सून येणार आणि खोली जाणार! पण देवळाला पालिका हात लावत नाही, एवढा कायदा मला येत होता. आमच्या डाइंग मिलमधल्या लाल रंगाच्या टाकीखालचा दगड आणला, शेंदूर फासला, खोलीच्या मागच्या भिंतीला टेकवला.

पालिकेचं कोणी आलं नाही. पण आठवड्यानं माझी बायको विमल पाणी घालायला गेली ती तांब्या टाकून परतली.

"अहो, देवाले रगत येतंय."

"शेंदूर असेल."

"शेंदूर असा वाहतो का?"

दगडात मुरलेला टाकीचा रंग झिरपतोय, हे मला ठाऊक होतं.  भर दुपारी मागे खेळणारी मुलं तिथे आली की एकदम गप्प होत. सून आल्यावर विमलनं नवस बोलला. वर्षात नातू झाला.

गेल्या महिन्यात पालिकेचा माणूस मोजणीला आला. मी घाबरत जुनी नोटीस दिली. त्यानं ती सगळी वाचली.

"काका, रूम तो बराबर छे. मार्जिनमध्ये आलेला छपराचा पत्रा काढा, एवढंच लिहिलंय."

पत्रा त्याच वर्षी वाऱ्यानं उडाला होता.

"मग नियमाबाहेर आता काय आहे?"

त्यानं पेनानं म्हसोबा दाखवला. "आठ दिवसांत काढा."

"त्याले हात लावाल तर नातवाले घेऊन गावी जाईन," विमल म्हणाली.

मग मी टाकीपासून सगळं कबूल केलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"तुमच्या मिलचा रंग तीन धुण्यांत जातो, असं तुम्हीच म्हणायचे ना? मी बारा वर्षं रोज पाणी घालते."

पहार घेऊन मागे गेलो. त्या दिवशी कोणी पाणी घातलेलं नव्हतं. दगडाखाली ओल होती. लाल.

पहार ठेवली, चप्पल काढली, हात जोडले. घरात येऊन पालिकेला अर्ज लिहिला: म्हसोबा राहू द्या, हवी तर खोली पाडा.